आंबेडकर जयंतीची सुट्टी आणि महाविद्यालयांचे काम

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

१४ एप्रिल जवळ आला की आपल्याकडील महाविद्यालयांत परिपत्रक निघते. सकाळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या प्रतिमेला हार घातला जातो, दोन भाषणे होतात आणि सुट्टीचा दिवस असल्याने तासाभरात आवार रिकामे होते. हाच दिवस विद्यार्थ्यांच्या कामी यावा, अशी सूचना करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

अमेरिकेत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जयंतीची राष्ट्रीय सुट्टी जानेवारीच्या तिसऱ्या सोमवारी असते. १९८३ साली तिचा कायदा झाला, १९८६ पासून ती पाळली जाऊ लागली आणि १९९४ च्या कायद्याने तिला सेवादिनाचे स्वरूप आले. तेव्हापासून अनेक विद्यापीठांतील विद्यार्थी त्या दिवशी शाळांत, अन्नछत्रांत आणि वस्त्यांत कामाला जातात. ही पद्धत आपण घ्यावी, पण जशीच्या तशी घेऊ नये. सेवा म्हटले की आपल्याकडे प्रथम झाडू हातात येतो आणि त्याचे छायाचित्र अहवालाला जोडले जाते. ज्यांच्या अनेक पिढ्यांना जन्मामुळेच झाडू हाती धरावा लागला, त्यांच्या नेत्याच्या जयंतीला हा देखावा मला तरी शोभत नाही. खुद्द किंग यांची ४ एप्रिल १९६८ रोजी मेम्फिस येथे हत्या झाली, तेव्हा ते तेथील सफाई कामगारांच्या संपाला पाठिंबा देण्यासाठी गेले होते. त्या कामगारांचे मागणे हक्काचे होते.

बाबासाहेबांचा आपल्या या कर्नाटक-महाराष्ट्र सीमाभागाशी प्रत्यक्ष संबंध होता. एप्रिल १९२५ मध्ये निपाणीत भरलेल्या मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषदेचे ते अध्यक्ष होते. त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली होती आणि या सभेच्या सुरुवातीच्या कामांत सोलापूरचे विद्यार्थी वसतिगृह होते. मुलगा शाळेत टिकायचा तर राहण्याजेवणाची आणि पुस्तकांची सोय आधी लागते, हे त्यांनी ओळखले होते.

आज हे टिकणे बऱ्याच अंशी कागदपत्रांवर अवलंबून असते. शिष्यवृत्तीचा अर्ज कर्नाटक राज्याच्या पोर्टलवर कन्नड किंवा इंग्रजीत भरावा लागतो. त्यासाठी नाडकचेरीतून, म्हणजे स्थानिक महसूल कार्यालयातून, जातीचा व उत्पन्नाचा दाखला काढावा लागतो, त्यावरील क्रमांक अचूक भरावा लागतो, बँक खाते आधारशी जोडलेले असावे लागते आणि आधारवरील नाव दहावीच्या गुणपत्रिकेशी जुळावे लागते. मराठी माध्यमातून आलेल्या, घरात पहिल्यांदाच महाविद्यालयाची पायरी चढणाऱ्या मुलाची नेमकी येथे अडचण होते, कारण नावातील एका अक्षराच्या फरकाने अर्ज अडकतो आणि ओटीपी येतो तो कामावर गेलेल्या वडिलांच्या मोबाईलवर. निपाणी परिसरातील विडी कामगार महिलांच्या मुलांसाठी केंद्राच्या कामगार खात्याची स्वतंत्र शिष्यवृत्ती आहे. तिची माहिती घरोघरी पोहोचवणे हेही मोठेच काम ठरेल.

अर्ज एप्रिलमध्ये भरायचे नसतात, हा आक्षेप मला ठाऊक आहे. पण दाखले काढायला, नावातील चूक दुरुस्त करायला आणि खाते जोडून घ्यायला काही आठवडे जातात. म्हणूनच १४ एप्रिलला महाविद्यालयाचे संगणक दालन दिवसभर उघडे ठेवून बारावी झालेल्या व पदवीच्या विद्यार्थ्यांची कागदपत्रे तपासावीत, म्हणजे नवे वर्ष सुरू होईपर्यंत ती तयार राहतील. राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांनी वर्षाला १२० तास काम करायचेच असते. त्यातील काही तास येथे द्यावेत. कन्नड उत्तम जाणणारा विद्यार्थी मराठी वर्गमित्राच्या शेजारी बसला तर अर्ध्याअधिक अडचणी जागीच सुटतील, त्यासाठी सीमाप्रश्नाच्या निकालाची वाट पाहावी लागणार नाही. एक दक्षता मात्र घ्यावी: आधार आणि बँकेची माहिती नाजूक असते, तेव्हा एक जबाबदार प्राध्यापक पूर्ण वेळ हजर असावा आणि कोणाच्याही कागदाची प्रत स्वयंसेवकाकडे राहू नये.

निपाणीजवळच्या अर्जुननगरचे देवचंद महाविद्यालय महाराष्ट्राच्या हद्दीत आहे आणि तेथे कर्नाटकातील मुलेही शिकतात. अर्ज कोणत्या राज्याकडे करायचा, हा प्रश्न अशा ठिकाणी सुरुवातीलाच उभा राहतो. बेळगावचे राणी चन्नम्मा विद्यापीठ आणि कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ यांच्या सेवा योजना विभागांनी मिळून दोन्ही राज्यांच्या नियमांचे मराठी व कन्नड माहितीपत्रक काढले, तर ते दोन्ही बाजूंच्या मुलांच्या उपयोगी पडेल.

यासाठी वेगळ्या निधीची गरज नाही. मंडप आणि ध्वनिक्षेपक यांवरील खर्च थोडा कमी केला तरी एक प्रिंटर आणि कागदाची रिमे येतील. प्राचार्यांनी मार्चमध्येच तसे परिपत्रक काढावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक, निपाणी