वाचा बंद होते तेव्हा टाइप करू द्या

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला ऑटिझमवरचा लेख वाचला, बराचसा पटला, पण एरवी नीट बोलणारी ऑटिस्टिक व्यक्ती टेन्शनमध्ये गप्प बसते तो हट्ट असतो हे काही पटलं नाही. मी स्वतः ऑटिस्टिक आहे, एरवी ऑफिसात मीटिंगा घेते, पण गर्दी, आवाज आणि त्यात कोणी वरच्या पट्टीत प्रश्नांवर प्रश्न विचारले की माझं बोलणंच बंद पडतं. वाक्य डोक्यात तयार असतं, अगदी पूर्णविरामासकट, पण तोंडापर्यंत येत नाही. कधी 20 मिनिटं, कधी पार दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत. अशा वेळी 'अगं बोल ना, काय झालं सांग' म्हणून मागे लागलं की ते आणखी लांबतं, हे घरच्यांना कळायलाही वर्षं गेली.

आता मोबाइलमध्ये मजकूर तयार ठेवलाय: 'मला ऐकू येतंय, समजतंय, आत्ता बोलता येत नाही, हो-नाहीत उत्तर देता येईल असं विचारा.' तो दाखवला की काही जण माझ्याऐवजी सोबतच्या माणसाशीच बोलायला लागतात, ती गंमत वेगळीच. संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या दिव्यांग हक्क करारात संवादाच्या व्याख्येत लेखी मजकूर आणि पर्यायी साधनंही धरलीत, म्हणजे टाइप केलेलं उत्तरही उत्तरच. मग दवाखान्यात, बँकेत, पोलिसांपुढे ते चालवून घ्यायला काय हरकत आहे? लेखात यावर एक ओळ तरी हवी होती.

– एक वाचक