विरल आम्ल म्हणजे नेमके किती विरल?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावीच्या प्रात्यक्षिक परीक्षा जवळ आल्या की प्रयोगशाळेतून एकच तक्रार ऐकू येते : ‘सर, काहीच होत नाही.’ परीक्षानळीत जस्ताचा दाणा पडलेला, वर आम्ल, आणि बुडबुडा मात्र एखाददुसरा. मग गाइडमधले ‘वायू वेगाने बाहेर पडतो’ हे निरीक्षण वहीत उतरते आणि गुण मिळतात. समीकरण चुकलेले नसते. आम्ल किती संहतीचे घेतले, धातू किती जुना, माप काय, यात घोळ असतो. प्रयोगाच्या सूचनेत बहुधा ‘विरल हायड्रोक्लोरिक आम्ल’ एवढेच असते. ‘विरल’ हे काही माप नव्हे.

शालेय प्रयोगांना साधारण २ मोलार (म्हणजे लिटरमागे २ मोल) हायड्रोक्लोरिक आम्ल पुरते. बाजारातले संहत आम्ल सुमारे ३५ टक्क्यांचे असते. चंचुपात्रात ७० मिली पाणी घ्यावे, त्यात १८ मिली आम्ल काचकांडीवरून हळूहळू सोडावे, ढवळावे, गार झाल्यावर पाणी घालून १०० मिली करावे. संहत आम्लाची बाटली वर्षभर सैल बुचाने ठेवली असेल तर वायू उडून जाऊन आम्लच कमकुवत झालेले असते, आणि मग हाच हिशेब फसतो. सल्फ्युरिक आम्ल ९८ टक्क्यांचे असते. १ मोलार द्रावणाच्या १०० मिलीसाठी साडेपाच मिली पुरे. आम्ल पाण्यात ओतावे, पाणी आम्लात कधीही नाही, हे सर्वांना पाठ असते, कारण सांगणारे कमी. पाणी हलके असल्याने ते जड आम्लावर तरंगते, मिसळताना निघालेल्या उष्णतेने जागच्या जागी उकळते आणि आम्लाचे शिंतोडे तोंडावर उडवते.

काटकसर म्हणून काही ठिकाणी संडास-बाथरूम धुण्याचे पिवळसर ॲसिड वापरतात. तो पिवळेपणा बहुधा लोहाच्या क्षाराचा असतो. जस्ताच्या क्षाराच्या द्रावणात सोडियम हायड्रॉक्साइड घातल्यावर पांढरा साका यायला हवा. या ॲसिडाने तो तपकिरी झाक घेऊन येतो आणि विद्यार्थी गोंधळतो. याच ॲसिडात घरी कोणी ब्लीच मिसळले तर क्लोरीन निघतो, हे जाता जाता.

आता जस्ताकडे. हरभऱ्याएवढा एक दाणा आणि ५ मिली आम्ल पुष्कळ झाले. एवढ्या २ मोलार आम्लातून सुमारे १२० मिली हायड्रोजन मिळतो, म्हणजे २५ मिलीच्या चार-पाच परीक्षानळ्या भरतात. तरीही क्रिया रेंगाळते ती दोन कारणांनी. दाण्यावर ऑक्साइडचा थर असतो, तो पॉलिश पेपरने घासावा. आणि जस्त फार शुद्ध असले तर ते मुळातच मंद चालते. मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) द्रावणाचे दोन थेंब टाकावेत. जस्तावर तांबे चढते, दोन धातूंचा छोटा विद्युतघट तयार होतो आणि तांब्यावरून बुडबुडे भराभर सुटतात.

हायड्रोजनला जळती काडी लावल्यावर येणाऱ्या ‘पॉप’ आवाजाचेही असेच. तो हायड्रोजन आणि हवेच्या मिश्रणाचा असतो. सुरुवातीला जमा केलेली नळी मोठ्याने वाजते. नंतरच्या नळीत वायू शुद्ध होत जातो आणि तो तोंडाशी शांतपणे जळतो. विद्यार्थी त्याला ‘प्रयोग फसला’ म्हणतो, खरे तर तो जास्त चांगला झालेला असतो. मात्र वायू वेगळ्या, उलट्या धरलेल्या नळीत जमा करून ती दूर नेऊनच काडी लावावी. वायुवाहक नळीच्या टोकाशी काडी धरली तर ज्योत उलटी आत शिरते.

मॅग्नेशियमची फीत २ सेंमीपेक्षा जास्त घेऊ नये. १ मिलिग्रॅम मॅग्नेशियममागे सुमारे १ मिली हायड्रोजन हा हिशेब लक्षात ठेवायला सोपा आहे. ॲल्युमिनियमशी मात्र जपून. त्याच्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा विरघळेपर्यंत काहीच होत नाही, विद्यार्थी अधीर होऊन आणखी तुकडे टाकतात, आणि मग एकदम सगळे फसफसून नळीबाहेर येते.

तांब्यावर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा परिणाम होत नाही हे खरे, पण तार काळपट असेल तर द्रावणाला हिरवट छटा येते. ती वरच्या ऑक्साइडची. तार आधी चकचकीत करून घेतली तर वाद उरत नाही. ‘आम्ल + धातू → क्षार + हायड्रोजन’ हा नियम नायट्रिक आम्लाला सरसकट लावणे तर चूकच. ते ऑक्सिडीकारक आहे. तांब्याबरोबर हायड्रोजन न येता नायट्रोजनचे ऑक्साइड येतात, तपकिरी धूर दिसतो, आणि तो विषारी आहे. अगदी विरल नायट्रिक आम्ल मॅग्नेशियम व मँगनीजबरोबर हायड्रोजन देते, एवढाच अपवाद.

सर्वांत जास्त गफलत कार्बोनेटच्या प्रयोगात होते. संगमरवराच्या तुकड्यांवर सल्फ्युरिक आम्ल टाकले तर थोडे बुडबुडे येऊन क्रिया थांबते, कारण तयार होणारे कॅल्शियम सल्फेट जवळजवळ अविद्राव्य असते आणि दगडावर बसून आम्लाची वाट अडवते. इथे हायड्रोक्लोरिकच हवे. संगमरवर नसेल तर शहाबादी फरशीचा चुरा चालतो, तोही चुनखडकच. (ॲसिडने फरशी धुतल्यावर तिची झिलई का जाते, याचे उत्तरही इथेच मिळते.) खायच्या सोड्याने काम झटपट होते, पण १ ग्रॅम सोड्यातून पाऊण कप नव्हे, २८० मिलीहून जास्त कार्बन डायऑक्साइड निघतो. नळीत चमचाभर सोडा टाकल्यावर फेस टेबलावर येणारच. चिमूटभर घ्यावा.

या कार्बन डायऑक्साइडने चुन्याची निवळी दुधाळ व्हायला हवी; ती होत नाही, याचीही कारणे ठरलेली. निवळी जुनी असते किंवा फसफसणाऱ्या आम्लाचे तुषार वायूबरोबर वाहत जाऊन निवळीतला चुनाच उदासीन करतात. म्हणून नळीत आम्ल एक तृतीयांशापेक्षा वर नको. वायू फार वेळ सोडला तर दुधाळपणा येऊन पुन्हा नाहीसा होतो. विद्राव्य बायकार्बोनेट तयार होते. ताजी निवळी करायला पानाचा चुनाही चालतो. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हलवून रात्रभर झाकून ठेवावा आणि वरचे स्वच्छ पाणी गाळून घ्यावे. लिटरला दोन ग्रॅमही विरघळत नाही, तेव्हा तळाशी गाळ उरलाच पाहिजे.

आम्ल-आम्लारी रंगावरून ओळखून देणाऱ्या दर्शकांबद्दल एकच. हळदीचा कागद आम्लारीत लाल होतो, पण आम्लात आणि साध्या पाण्यात तो पिवळाच राहतो. हळदीत चुना मिसळून कुंकू करणाऱ्यांना पहिला भाग ठाऊकच आहे. दुसरा मात्र ‘हळदीने आम्ल ओळखा’ असा प्रश्न काढणारे विसरतात.

उरलेले आम्ल तसेच मोरीत ओतू नये, खायच्या सोड्याने फसफस थांबेपर्यंत उदासीन करावे. कातडीवर उडाले तर सोडा शोधत बसू नये. वाहत्या पाण्याखाली किमान १५ मिनिटे धरावे.

यातल्या कशालाही जादा खर्च नाही. प्रयोगाच्या सूचनेत आम्लाची संहती आणि मापे छापावीत, एवढी विनंती आहे. आणि तोंडी परीक्षेत समीकरण म्हणून घेण्याऐवजी समोर संगमरवराचा तुकडा व सल्फ्युरिक आम्ल ठेवून विचारावे : बुडबुडे थांबले, का?

आपला,
एक विज्ञान शिक्षक