मुक्ताला, रविवारी रात्री

पुणे, रविवार

प्रिय मुक्ता,

सकाळी तू फोनवर रडवेली झालीस आणि मी डॉक्टरी सुरात चार वाक्यं बोलून फोन ठेवला. दिवसभर चुटपुट लागून राहिली, म्हणून हे पत्र.

ओमचं नाक चार महिने वाहतंय, रात्री खोकून खोकून घर जागं. १२ आठवडे उलटले की त्याला जुनाट सायनस म्हणायचं. सासूबाईंचा कपाळावरचा वेखंडाचा लेप मात्र थांबव. पाचव्या वर्षी कपाळातला सायनस, म्हणजे हाडातली पोकळी, धड तयारही झालेला नसतो गं! (हे त्यांना सांगताना माझं नाव घेऊ नकोस.)

तू विचारलंस, भाऊजींना झालं तेच का हे? त्यांचं तर दोनदा ऑपरेशन झालं. नाव तेच, पण स्लाइडवर चित्र वेगळं. मोठ्यांचा पॉलिप, म्हणजे सुजलेल्या अस्तराचा मऊ कोंब, मायक्रोस्कोपखाली धरला की बऱ्याचदा इओसिनोफिल या पांढऱ्या रक्तपेशींची नारिंगी-गुलाबी दाटी दिसते आणि अस्तराखालचा पापुद्रा चांगलाच जाड झालेला असतो. २००४ साली अमेरिकेत डेन्व्हरच्या डॉक्टरांनी लहान मुलांचं आणि मोठ्यांचं सायनसचं अस्तर ताडून पाहिलं. मुलांमध्ये इओसिनोफिल कमी, लिम्फोसाइट या दुसऱ्या पांढऱ्या पेशी जास्त. पापुद्रा पातळ, शेंबूड तयार करणाऱ्या ग्रंथीही कमी. अशा स्लाइडवर मला लिम्फोसाइटचे नुसते निळे ठिपके दिसतात, मुंग्या लागल्यासारखे. वाटतं, भिंतीला ओल आलीय, पण गिलावा अजून फुगलेला नाही.

म्हणून तुझे ईएनटी डॉक्टर सायनसच्या ऑपरेशनचं नाव काढत नाहीत, ते टाळाटाळ म्हणून नव्हे. औषधांनी भागलं नाही तर ते आधी अ‍ॅडेनॉइडकडे वळतील. नाकाच्या मागच्या त्या गाठीवर जंतू चिकट थर करून बसतात, अँटिबायोटिक आत पोचत नाही. ती काढली की बऱ्याच मुलांना तेवढ्यानेच आराम पडतो. ओमला पॉलिप नाही हे त्यांनी दुर्बिणीतून पाहिलंय. असता तर मीच तुला घामाची तपासणी करायला लावली असती, कारण मुलांमध्ये पॉलिप दिसला की सिस्टिक फायब्रोसिस (शेंबूड-कफ घट्ट करणारा जन्मजात आजार) आहे का ते बघावंच लागतं.

तोवर मिठाच्या पाण्याने नाक धू, पाणी उकळून गार केलेलंच घे. स्प्रे मध्येच सोडू नकोस. ओम लाथा झाडतो ते माहीत आहे. गेल्या खेपेला माझ्या नव्या साडीवर शिंकरला होता लबाड.

दिवाळीत येतेय. माझा कॉलेजातला मायक्रोस्कोप आणते, त्याला ते निळे ठिपके दाखवू.

तुझी,
शमा