‘लगा’ म्हटलं की विनोद झाला का?

संपादक साहेब, नमस्कार.

गेल्या आठवड्यात जेवताना टीव्हीवर एक कॉमेडी कार्यक्रम लागलेला, नाव घेत नाही, सगळ्यांची तीच गत आहे. त्यात आमच्या सांगलीकडचा म्हणून एक माणूस दाखवला, डोक्याला पटका, हातात पिशवी, आणि तो आल्या आल्या म्हणतो "काय करायलाईस लगा?" आणि झालं, मागनं हशा सुरू. आमचे चुलते मिरजेकडच्या गावातनं आलेले, हातातला घास तसाच धरून मला विचारतात, "ह्यात हसायसारखं काय हाय रं? मी रोज असंच बोलतोय." मला पटकन उत्तर देता आलं नाही म्हणून हे पत्र.

मी एम.ए.ला भाषाविज्ञान घेतलेलं आणि आमच्या मंडळासाठी एकांकिका लिहितो, त्यामुळे हा किडा डोक्यातनं जाईना. सिसेरो नावाच्या रोमन वक्त्याने दोन हजार वर्षांपूर्वी एक सोपी टेस्ट सांगून ठेवलीय. विनोदातले शब्द बदलून बघा, तरी हसू आलं तर विनोद प्रसंगात होता, आणि मेला तर शब्दात होता. आपल्या हरिपूरच्या देवलांचं ‘संशयकल्लोळ’ घ्या. मूळ मोलियेरचं फ्रेंच नाटक, ते इंग्रजीतनं फिरत देवलांपर्यंत आलं, त्यांनी १८९३ ला ‘तसबिरीचा घोटाळा’ केला आणि पुढे १९१६ ला त्याचंच संगीत नाटक आलं. एवढ्या भाषा ओलांडून ते टिकलं कारण तसबीर भलत्याच्या हातात सापडली की नवरा-बायको कुठल्याही देशात एकमेकांवर संशय घेणारच.

शब्दातला विनोद मात्र लई नाजूक असतो, हे मी स्वतः भोगलंय. आमच्या एकांकिकेत बायकोच्या तोंडी एक वाक्य होतं, "आमच्या ह्यांनी जन्मात कधी दारूला हात लावला नाही, कायम ग्लासालाच." विश्रामबागेत तालमीला सगळे हसायचे. प्रयोगाच्या दिवशी पोरगी घाबरली आणि म्हणाली, "आमच्या ह्यांनी कायम ग्लासालाच हात लावला, दारूला कधी नाही." शब्द जवळपास सगळे तेच, पण हॉल गपगार. मागनं एकजण खोकला तेवढाच. आता बघा काय झालं ते, ‘दारूला हात लावला नाही’ म्हटलं की ऐकणारा मनात एक सोज्वळ माणूस उभा करतो, शेवटच्या शब्दाला ‘हात लावणे’ अक्षरशः घ्यावं लागतं आणि तोच माणूस पट्टीचा दारुडा निघतो. विनोदाचा अभ्यास करणारे भाषाशास्त्रज्ञ व्हिक्टर रास्किन यांनी १९८५ च्या पुस्तकात हेच मांडलंय, की एकाच मजकुरात दोन चित्रं बसतात आणि ती एकमेकांच्या उलटी असतात. पोरीने दुसरं चित्र आधीच दाखवून टाकलं, मग उलटायला राहिलं काय. आणि ‘हात लावला नाही’च्या जागी ‘दारू प्यायले नाहीत’ घातलं तर विनोद जागेवर खलास, म्हणजे सिसेरोबाबाचं म्हणणं बरोबर.

आता बोलीचं सांगतो. बोली वापरू नका असं माझं अजिबात म्हणणं नाही, उलट नीट वापरली तर ती विनोदाचं अर्धं काम करते. आमच्याकडचा नुसता ‘की’ घ्या. उधारी कधी देतोस विचारल्यावर "देतो" हे वचन झालं, "देतो की" म्हणजे टाळाटाळ, आणि "देतो की म्हटलं" म्हणजे आता भांडण होणार. प्रश्न आहे ‘कधी’, उत्तर मिळतंय ‘देणार का’चं. ग्राइस म्हणून एक तत्त्वज्ञ होते, त्यांनी १९७५ च्या लेखात सांगितलंय की बोलताना माणसं विचारलं त्याला धरून, पुरेसं बोलतात असं आपण गृहीत धरतो, आणि ते कुणी मोडलं की त्यामागे काहीतरी दडलंय हे आपल्याला कळतं. आमच्या पेठेतला उधारीवाला ग्राइस न वाचता रोज दुकानदाराला हे शिकवतो. असा ‘की’ स्क्रिप्टमध्ये बरोबर जागी पडला तर आख्खं पात्र उभं राहतं.

पण त्या टीव्हीवरच्या वाक्याला सिसेरोची टेस्ट लावा. "काय करतोयस मित्रा?" असं करून बघा. प्रसंगात काही नाही, शब्दात काही नाही, उलटणारं दुसरं चित्र नाही. म्हणजे लोक हसले ते आमच्या बोलण्याच्या ढंगाला, लेखकाने विनोद लिहिलेलाच नाही. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी जिथं मराठीतलं पहिलं मानलं जाणारं नाटक ‘सीतास्वयंवर’ केलं त्या आमच्या सांगलीच्या बोलीवर ही पाळी, जरा लागतंय मनाला.

माझी विनंती साधी आहे. तुमच्या पुरवणीत नाटक-सिनेमाची परीक्षणं येतात त्यात ‘खुसखुशीत संवाद’ एवढं लिहून मोकळे होतात, त्यापेक्षा एक तरी वाक्य उचलून त्यात हसू नेमकं कुठल्या शब्दावर आलं ते लिहायला सांगा. लिहिणाऱ्याला पण जरा धाक राहील.

चुलते परवापासनं विचारतायत पत्र पेपरात कधी येणार म्हणून. मी सांगितलंय, येतंय की.

– एक वाचक, विश्रामबाग, सांगली