निर्गंध फुलांची झाडे का नाकारता?

महोदय,

आमच्या गृहनिर्माण संस्थेत पावसाळी लागवडीची यादी नुकतीच ठरली, तेव्हा पळस आणि पांगारा ही नावे ‘त्यांच्या फुलांना वास कुठे असतो?’ एवढ्या एकाच कारणावरून वगळण्यात आली. हा आक्षेप इतरत्रही वरचेवर ऐकू येतो, म्हणून हे पत्र.

निर्गंध फुलात काहीतरी उणे असते, ही समजूत जुनी आहे. रूप आणि कुळ असूनही विद्या नसलेली माणसे गंधहीन पळसफुलांप्रमाणे शोभत नाहीत, अशा अर्थाचे संस्कृत सुभाषित अनेकांनी शाळेत पाठ केले असेल. पळसावर तो निव्वळ अन्याय आहे. फुलाचा वास मुळात माणसासाठी नसतोच. परागीभवन करणाऱ्या जिवाला बोलावण्याचे ते एक साधन आहे. रातराणी आणि निशिगंध रात्रीच्या पतंगांना बोलावतात, आणि अंधारात रंगाचा फारसा उपयोग नसल्यामुळे त्यांची फुले फिकट पण घमघमणारी असतात. पळस, पांगारा आणि काटेसावर यांच्याकडे प्रामुख्याने पक्षी येतात. पक्षी फुले शोधतात ती मुख्यत्वे नजरेने, आणि पाने झडलेल्या फांद्यांवरचा लाल-केशरी रंग त्यांना दुरूनही दिसतो; तिथे वासाची गरजच उरत नाही.

फेब्रुवारी-मार्चमध्ये सकाळच्या वेळी फुललेल्या सावरीखाली थोडे थांबून पाहावे. जाड, मांसल अशा पाच पाकळ्या, मध्ये पुंकेसरांचा झुबका आणि तळाशी भरपूर मकरंद, अशी तिची रचना असते. साळुंक्या आणि बुलबुल त्यात चोच बुडवतात, तेव्हा कपाळाला लागलेले पराग घेऊनच पुढच्या फुलावर जातात. हिवाळी पाहुण्या भोरड्यांचे थवेही परतीच्या प्रवासापूर्वी पळस-सावरीवर तुटून पडतात. रानात पाणी आटत चाललेले असते, अशा दिवसांत हा मकरंद पाखरांना किती मोलाचा असेल!

शिवाय वासाचा हा आग्रह आपण सर्वत्र धरतो असेही नाही. गणपतीला वाहिली जाणारी लाल जास्वंद निर्गंध आहे, आणि आपल्याकडे व गोव्यात हौसेने केसांत माळली जाणारी अबोलीही तशीच. ज्या मादागास्करच्या गुलमोहराने आपण रस्तेच्या रस्ते भरून टाकले, त्याच्या फुलांना तरी कुठे दरवळ आहे? मग देशी झाडांनाच ही अट का?

जागेचा विचार मात्र अवश्य व्हावा. काटेसावर फार मोठी होते, तेव्हा ती विजेच्या तारांखाली किंवा इमारतीला खेटून लावू नये. मैदाने, टेकड्या आणि नदीकाठ तिला योग्य आहेत. पळस सावकाश वाढतो, पण हलक्या, कोरड्या जमिनीतही तग धरतो. पांगाऱ्याची तर पावसाळ्यात खोचलेली फांदीही रुजते. महापालिकांच्या उद्यान विभागांनी आणि गृहनिर्माण संस्थांनी येत्या लागवडीच्या यादीत या तिन्ही झाडांना स्थान द्यावे, आणि ‘वास नाही, फळ नाही’ असे म्हणून उभा पळस तोडायला निघालेल्यांनी १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार त्यासाठी परवानगी लागते हे ध्यानात घ्यावे, ही विनंती.

आपला,
वनस्पतिशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक, पुणे