आजोबांना संगीतखुर्ची नको, वर्गात एक तास द्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

शाळाशाळांतून साजऱ्या झालेल्या आजी-आजोबा दिवसाचे फोटो तुमच्या पेपरात आले होते. मी ते नीट बघितले. सगळीकडं एकच चित्र होतं. आजी-आजोबा खुर्च्यांवर ओळीनं बसलेले, हातात एकेक गुलाब, मागं फ्लेक्स. आणि फ्लेक्सवर संस्थेच्या अध्यक्षांचा फोटो समोर बसलेल्या कुठल्याही आजोबांच्या तोंडापेक्षा मोठा. शासनानं हा दिवस साजरा करायला सांगितलाय हे चांगलंच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तो कसा साजरा होतो, त्याबद्दल मला लिहायचंय.

मी मिरजेत एका मराठी शाळेत नववीत शिकते. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण मला अजून दीड वर्ष तिथंच काढायचंय. आमच्या शाळेतही कार्यक्रम झाला. दीपप्रज्वलन झालं, मग स्वागतगीत, मग पाहुण्यांचं भाषण. "ज्येष्ठ हे आपल्या घराचे आधारस्तंभ" हे वाक्य पाहुण्यांनी म्हटलं, मुख्याध्यापकांनी म्हटलं आणि आभार मानणाऱ्या मुलीनंही म्हटलं. त्यानंतर खेळ. आजींसाठी लिंबू-चमचा आणि आजोबांसाठी संगीतखुर्ची.

माझे दादाजी, म्हणजे वडिलांचे वडील, सतार-तंबोरे बनवतात. वय पंचाहत्तरच्या पुढं. त्यांना संगीतखुर्चीत उभं केलं. ब्लूटूथ स्पीकरवर सिनेमातलं गाणं जोरात सुरू झालं. बाकीचे आजोबा एकमेकांना हसत, धोतर-पायजमा सावरत खुर्च्यांभोवती फिरायला लागले आणि आमचे दादाजी पहिल्याच फेरीत स्पीकरपाशी थांबले. मान तिरकी करून ऐकत उभे राहिले. खेळाचे सर ओरडले, "आजोबा, फिरा की! गाणं थांबंल आता." दादाजी म्हणाले, "सर, तुमच्या स्पीकरचा पडदा फाटलाय. खालचा आवाज खरखरतोय बघा." तेवढ्यात गाणं थांबलं आणि ते बाद झाले. सगळे हसले, तेही हसले. घरी आल्यावर दादीनं विचारलं, काय काय झालं? तर म्हणाले, "चहा चांगला होता."

मला राग आला तो त्यानंतर. दादाजी हरले म्हणून नाही. सकाळी दहापासून दीडपर्यंत शंभरेक म्हातारी माणसं आमच्या शाळेत होती आणि त्यांतल्या एकालाही कुणी विचारलं नाही, की तुम्ही आयुष्यभर काय केलंत?

मिरजेबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. आमच्या गावात सतार, तंबोरा, दिलरुबा अशी तंतुवाद्यं पिढ्यान्‌पिढ्या तयार होतात. हे काम सुरू करणारे मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. संस्थानाच्या काळात तलवारींचं काम कमी झालं, तेव्हा फरीदसाहेब नावाच्या कारागिरानं तंबोरे दुरुस्त करता करता नवीन करायला घेतले, असं आमच्याकडं सांगतात. पुढं कितीतरी घरांचं आडनावच सतारमेकर झालं. किराणा घराण्याचे मोठे गायक खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले. १९३७ साली ते गेले, त्यांची कबर मिरासाहेबांच्या दर्ग्यात आहे. दर वर्षी उरुसात तिथं संगीत सभा होते, रात्र रात्र गाणं चालतं. बाहेरगावचे गायक उतरले, की हवा बदलल्यामुळं कुणाच्या ना कुणाच्या तंबोऱ्याचा आवाज बसतो. मग दादाजींना निरोप येतो आणि ते पिशवी घेऊन निघतात. पिशवीत बारीक कानस, सुताचं रीळ, तारांची भेंडोळी आणि चष्म्याचा दुसरा जोड. त्यांचा मोतीबिंदू काढलाय, पण खरं सांगायचं तर या कामात डोळ्यांवाचून त्यांचं फारसं अडत नाही.

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. चौकात अभिनंदनाचे बोर्ड लागले. त्याच वर्षी आम्हाला 'आपल्या परिसरातील हस्तकला' असा प्रकल्प होता. वर्गातल्या बहुतेकांनी झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढून आणल्या. एकीच्या चार्टवर मोठ्या अक्षरात 'तंबोरा' लिहिलेलं आणि त्याखाली सतारीचं चित्र, पडद्यांसकट, म्हणजे दांडीवरच्या आडव्या पट्ट्यांसकट. तंबोऱ्याला पडदे नसतात. तिला दहापैकी दहा मिळाले. मी घरून भोपळ्याचा कापलेला तुकडा आणि तुणीच्या लाकडाची ढलपी नेली होती, मला सात. वरून शेरा, 'सजावट कमी'. आमच्या शाळेपासून वाद्यांची गल्ली चालत दहा मिनिटांवर आहे. प्रकल्प तपासणाऱ्या बाई रोज स्कूटीवरून तिथूनच येतात.

आता हा तुकडा कशाचा ते सांगते. तंबोऱ्याचा भोपळा म्हणजे भाजीचा भोपळा नाही. तो कडू असतो, गुरंसुद्धा तोंड लावत नाहीत. आमच्याकडं येतो तो पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, भीमेच्या काठावरून. दादीचं माहेर तिकडचंच, त्यामुळं भोपळे आले की निवडायला ती पुढं असते. भोपळा दोन्ही हातांनी फिरवते, बोटाच्या पेरानं टिचकी मारते, कानाजवळ नेऊन हलवते. आत बिया खडखडल्या तर वाळलाय. आवाज दबका आला, तर बाजूला. दादाजी तिनं बाजूला ठेवलेल्याला पुन्हा टिचकी मारून बघतात आणि दोघांचं त्यावरून वाजतं. बहुतेक वेळा दादीचंच खरं निघतं, पण ते कबूल करत नाहीत. नंतर भोपळा कापून पाण्यात भिजवायचा, आतून खरवडायचा, कीड लागू नये म्हणून मोरचूद लावायचं. मग त्याला गळा, दांडी, वरून लाकडाची तबली. खुंट्या घासायचं काम मला मिळतं. काचकागद धरून धरून बोटांची पेरं गुळगुळीत होतात, एकदा तर बायोमेट्रिक मशिननं माझा अंगठाच घेतला नाही.

या सगळ्यात मला सगळ्यात आवडते ती जवारी, म्हणजे तार घुमावी म्हणून घोडी घासून जुळवणं. घोडी म्हणजे तबलीवरची पट्टी, तिच्यावरून चार तारा जातात. घोडीचा माथा सपाट दिसतो, पण सपाट नसतो, अगदी किंचित उतरता असतो. दादाजी कानशीनं तो घासतात. एक हात मारला, की तार छेडून ऐकायची. परत एक हात. कधी कधी एवढं कमी घासतात, की मला वाटतं कानस नुसती फिरवली. मग तारेखाली सुताचा धागा सरकवतात, केसभर पुढं, केसभर मागं. एका जागी तो आला, की आधी नुसती टणटण वाजणारी तार एकदम भुंग्यासारखी घुमायला लागते आणि खोली भरून जाते. त्याला ते म्हणतात, "आवाज उघडला." मग अर्धा मिनिट कुणीच बोलत नाही, आणि मग दादी आतून म्हणते, "झालं असलं तर जेवायला या."

विज्ञानाच्या पुस्तकात 'ध्वनीचा अभ्यास' धडा आहे. त्यात कंपन, वारंवारता, पल्ला, सगळं आहे. आम्ही तो धडा पाठ केला. सरांनी फळ्यावर लहरी काढल्या, मी वहीत काढल्या. मला वारंवारता कळली ती मात्र दादाजींनी तारेतला मणी खाली सरकवला आणि सूर बदलला तेव्हा. हे मी सरांना सांगितलं, तर सर म्हणाले, "छान, पण परीक्षेत व्याख्याच लिही."

आणि आमच्या वेळापत्रकात यासाठी जागा नाही असंही नाही. नववी-दहावीला 'स्व-विकास व कलारसास्वाद' असा विषयच आहे. श्रेणी मिळते. शुक्रवारी शेवटचा तास त्याचा. वेळापत्रकात त्याचा असतो आणि वर्गात गणिताचा. सरांचा पोर्शन राहिलेला असतो, त्यांचंही चुकत नाही. चित्रकलेच्या बाई निवृत्त झाल्या, त्यांच्या जागी अजून कुणी आलेलं नाही. वर्षाच्या शेवटी कलारसास्वादात सगळ्या वर्गाला 'अ' श्रेणी मिळते, रस न घेता आणि आस्वाद न घेता.

जलसुरक्षा या विषयाचंही तेच. माझ्या मैत्रिणीचे आजोबा रेल्वेत होते. मिरज जंक्शनवर एकेकाळी तिन्ही मापांचे रूळ होते, ब्रॉडगेज, मीटरगेज आणि कुर्डुवाडीकडं जाणारी छोटी गाडी. कुठल्या फलाटावर कुठल्या मापाची गाडी यायची, हे ते डोळे मिटून सांगतात. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला प्यायला पाणी नव्हतं, तेव्हा मिरजेहून पाण्याची रेल्वे गेली होती. कृष्णेचं पाणी रेल्वेच्या हैदरखान विहिरीत आणून वाघिणींत भरलं. तेव्हा आम्ही बालवाडीत होतो. आजोबा आम्हा दोघींना ती गाडी दाखवायला घेऊन गेले होते, असं ते सांगतात. मला फक्त गर्दी आठवते. तीच कृष्णा २०१९ च्या ऑगस्टमध्ये घरात शिरली, तेव्हा मैत्रिणीच्या घरचे आठवडाभर आमच्या माडीवर होते. एकाच नदीचं पाणी रेल्वेनं बाहेर पाठवलेलं आणि तेच पाणी घरात छातीपर्यंत आलेलं, दोन्ही तीन-साडेतीन वर्षांत बघितलेला माणूस आमच्या वर्गापासून चार घरं पलीकडं राहतो. आणि आम्ही जलसुरक्षेच्या वहीत 'पाणी हे जीवन आहे' हे घोषवाक्य रंगीत पेनानं लिहितो.

वर्गातल्या दुसऱ्या एका मुलीची आजी दवाखान्यात परिचारिका होती. मिरजेत मिशन हॉस्पिटल १८९४ साली सुरू झालं, तेव्हापासून कर्नाटकातूनसुद्धा माणसं इथं औषधोपचाराला येतात. ही आजी मराठी, कन्नड आणि उर्दू तिन्ही भाषांत "दुखतंय का?" आणि "घाबरू नका" म्हणू शकते. कार्यक्रमात तिला लिंबू-चमच्यात दुसरा नंबर मिळाला. बक्षीस म्हणून स्टीलची वाटी दिली.

मी हे सगळं एकदा वर्गशिक्षिकांना सांगितलं होतं. त्या चांगल्या आहेत, त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "अगं, आजोबांना वर्ग आवरणार नाही. पोरं दंगा करतील." हे अर्धं खरं आहे. आमचा वर्ग दंगा करतो. पण घरी गल्लीतली पोरं दादाजींच्या दुकानासमोर क्रिकेट खेळतात, आणि ते जवारी काढायला बसले की त्यांनी नुसता हात वर केला तरी खेळ थांबतो. चेंडू काचेवर जाईल म्हणून नव्हे, त्यांना ऐकू यावं म्हणून. त्यांतली निम्मी पोरं माझ्याच वर्गातली आहेत.

दादाजींनाही विचारलं. आधी नको म्हणाले. "मी चौथी शिकलेला, मी काय शिकवणार?" दादीनं मध्येच तोंड घातलं, "शिकवू नका, काम करत बसा. बघतील ती." मला वाटतं हे बरोबर आहे. भाषण नको, सत्कार नको, शाल तर नकोच, आमच्याकडं शालींची पेटी भरलेली आहे. माणसानं वर्गात बसून आपलं काम करायचं आणि आम्ही बघायचं, विचारायचं. एका तासात एक जवारी निघत नाही, मला ठाऊक आहे. अर्धी तरी बघू. उरलेली दुकानात येऊन बघतील, दुकान दहा मिनिटांवरच आहे.

आमचे बरेचसे कारागीर आता साठीच्या पुढचे आहेत. माझे अब्बा हे काम करत नाहीत, ते कुपवाडच्या एमआयडीसीत आहेत. चुलतभाऊ पुण्यात मोबाईल दुरुस्तीचं शिकतोय. दादाजी कुणाला नावं ठेवत नाहीत. पोट भरायला हवं, एवढंच म्हणतात. मी हे काम पुढं करीन का, ते मला सांगता येत नाही. गल्लीत मुली हे काम करताना मी बघितलेल्या नाहीत, खुंट्या घासण्यापलीकडं. पण गेल्या स्नेहसंमेलनात आमच्या शाळेनं गाण्याच्या स्पर्धेला मोबाईलमधला तंबोरा लावला होता. मिरजेत! पुण्या-मुंबईच्या शाळेनं लावला असता तर मी काही म्हटलं नसतं.

तुमच्या पेपरचे वाचक शिक्षकही आहेत, मुख्याध्यापकही आहेत, म्हणून हे पत्र तुम्हाला. पुढच्या वेळी फ्लेक्स आणि गुलाब यांचे पैसे वाचवून आजी-आजोबांना वेळापत्रकातला एक तास द्या. सगळ्यांना जमणार नाही, काही आजी-आजोबांना नुसतं येऊन बसायलाच आवडतं, त्यांना चहा द्या.

आमच्या शाळेपुरतं सांगायचं तर शुक्रवारचा शेवटचा तास चालेल. दुपारच्या नमाजानंतर दादाजी मोकळे असतात, साडेतीनला येतील. गुडघ्यामुळं ते जिना चढत नाहीत, तेव्हा वर्ग तळमजल्याचा हवा. पंखा बंद ठेवावा लागेल. तंबोरा रिक्षात आडवा मावत नाही, कुणीतरी मांडीवर उभा धरावा लागतो, ते मी करीन. रिक्षाचं भाडं तेवढं शाळेनं द्यावं.

आपली,
नववीतील एक विद्यार्थिनी,
मिरज