दंडावरच्या डागाबद्दल

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

फोटो पाहिला. कोडच आहे असं तू धरून बसली आहेस, ते आधी डोक्यातून काढ. फोटोत रंग दिसतो, कातडीचा पोत दिसत नाही, आणि खरी ओळख बरीचशी पोतावरूनच पटते.

कोडाचा डाग पांढराफेक असतो, कडा ठळक, पण कातडी एरवीसारखीच मऊ. कोंडा नाही, खाज सहसा नाही. बरेचदा दोन्ही अंगांना सारखा येतो, ओठांभोवती, बोटांच्या टोकांवर. त्यावरचे केसही कधी पांढरे होतात. तुझा डाग नुसता फिका आहे, म्हणून मला शिबं, म्हणजे कातडीवरच्या बुरशीचे डाग, वाटतंय. नखाने हळूच खरवडून बघ. पिठासारखा बारीक कोंडा सुटला, तर शिबंच असण्याची शक्यता जास्त. ती बुरशी आपल्या सगळ्यांच्या कातडीवर असतेच, घाम आणि तेलकटपणा वाढला की बळावते आणि रंग तयार करणाऱ्या पेशींना अडवते. औषधाने बुरशी गेली तरी रंग भरायला आठवडे, कधी महिने लागतात. तेवढ्यात धीर सोडून औषधं बदलत बसू नकोस.

छोटीच्या गालावरचे कोरडे, अस्पष्ट कडांचे चट्टे लहान मुलांत सर्रास दिसतात. साधं मॉइश्चरायझर लावत राहा, हळूहळू जातात.

एक गोष्ट मात्र आजच कर. डोळे मिटून बस आणि कुणाला तरी कापसाच्या टोकाने डागावर आणि शेजारच्या कातडीवर आलटून पालटून स्पर्श करायला सांग. डागावर कमी जाणवलं तर कुष्ठरोगाची शंका घ्यावी लागते. तो 6 ते 12 महिन्यांच्या औषधांनी पूर्ण बरा होतो, पण उशीर झाला तर नसा दुखावतात. जाणीव शाबूत असली तरी निर्धास्त होऊ नकोस. सुरुवातीला ती असू शकते.

त्वचारोगतज्ज्ञांना दाखवच. ते अंधारात विशिष्ट दिव्याखाली डाग बघतील. कोड असेल तर निळसर पांढरं चमकतं. तोवर कुणी सुचवलेलं स्टेरॉइडचं मलम लावू नकोस. त्याने कातडी पातळ होते, रंगही फिकटतो आणि बुरशी असेल तर तिचं फावतं. आधीच काही लावलं असशील तर ती ट्यूब सोबत ने.

आणि कोड निघालंच, तरी ते कुणाला लागत नाही आणि त्यावर उपचार आहेत. कोडासोबत कधी थायरॉइडचाही त्रास असतो, म्हणून ती तपासणी तेवढी करून घे. डॉक्टर काय म्हणाले ते लगेच कळव.

तुझी
आई